झाडाचा सिग्नल की घरातल्या वायरींचा? बिनतारी रेकॉर्डर लावण्याचा क्रम

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतून एक फाइल आली. सोबत एकच ओळ होती, "आमची जास्वंद गाते." ऐकली, तर एकसुरी शिट्टी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मोजली, तर २००० हर्ट्झ. घरात येणारी वीज ५० हर्ट्झची आणि फाइल ४० पट वेगाने वाजवलेली. पन्नास गुणिले चाळीस. गाणं भिंतीतल्या वायरिंगचं होतं, जास्वंद बिचारी गप्प होती.

अशा फायली येतच असतात. सामान बरोबर असतं, जोडणीही बहुतेक वेळा बरोबर असते, पण क्रम चुकलेला असतो. पहिल्याच दिवशी पानाला स्टिकर लावून रेकॉर्डिंग सुरू होतं आणि मग जे ऐकू येईल ते झाडाचं समजलं जातं. खाली दिलेल्या क्रमात झाड पाचव्या टप्प्यावर येतं. आधीचे चार टप्पे गाळायचे असतील तर पुढचं वाचू नका.

हा लेख झाडातले विजेचे बारीक चढउतार टिपणाऱ्या, हाताने जोडायच्या यंत्राबद्दल आहे: ईएसपी३२ बोर्ड, एडी८२३२ हे हृदयाचे ठोके मोजण्यासाठी बनवलेलं मॉड्यूल, आणि वायफायवरून लॅपटॉपवर जमा होणारी वेव्ह, म्हणजे आवाजाची, फाइल. बाजारात ब्लूटूथवर चालणारी तयार यंत्रंही मिळतात. त्यांतली बरीचशी पानाच्या विद्युतवाहकतेतला बदल पकडतात आणि ॲप त्या बदलांवर सूर बसवतं. ऐकायला छान वाटतं, पण तो पियानो ॲपमधला असतो. इथे मूळ सिग्नल साठवायचा आहे.

टप्पा १ : सामान, आणि काय मिळणार नाही याची कल्पना

लागणारं सामान: ईएसपी३२ बोर्ड, एडी८२३२ मॉड्यूल आणि त्याची तीन टोकांची केबल, ईसीजीचे जेल लावलेले स्टिकर (मेडिकल दुकानात पाकिटाने मिळतात), ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (वीजपुरवठा स्थिर ठेवायला), पॉवर बँक, मल्टिमीटर, स्टीलची एक सळई किंवा जाड सुई. ठाण्यात एखादी वस्तू मिळाली नाही तर मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला चक्कर मारावी. तिथे मॉड्यूल घेताना सोबतची केबलही घ्या, नंतर ती सुटी शोधणं कटकटीचं होतं.

यंत्राच्या मर्यादा आधीच माहीत असाव्यात. हे मॉड्यूल माणसाच्या हृदयासाठी जुळवलेलं आहे. साधारण ०.५ ते ४० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातले बदल ते पुढे पाठवतं. झाडात कित्येक मिनिटं चालणारे संथ चढउतार होत असतात, ते इथे जवळजवळ पुसले जातात. आणि वाढवण्याचं प्रमाण सुमारे ११०० पट असल्यामुळे आत दीड मिलिव्होल्टचा बदल झाला तरी आलेखाची रेघ छताला किंवा जमिनीला जाऊन टेकते. लाजाळूचं पान मिटताना विजेचा जोरदार झटका आला की ती हमखास टेकते. म्हणजे झटका कधी आला हे नीट कळेल, केवढा होता ते कळणार नाही.

माणसाला २० हर्ट्झच्या खालचं ऐकू येत नाही. म्हणून रेकॉर्डिंग ४० पट वेगाने वाजवायचं: ०.५ हर्ट्झचे २० होतात, ४० चे १६००. सगळा पट्टा कानाच्या टप्प्यात येतो. तासाभराचं रेकॉर्डिंग दीड मिनिटात ऐकून होतं.

टप्पा २ : जोडणी

मॉड्यूलचा ३.३ व्होल्टचा पाय (पिन) बोर्डच्या ३.३ व्होल्टला, ग्राउंड ग्राउंडला, आउटपुट जीपीआयओ ३४ ला (म्हणजे बोर्डच्या ३४ नंबरच्या पायाला). टोक सुटल्याची खबर देणारे एलओ प्लस आणि एलओ मायनस हे दोन पाय जीपीआयओ २५ आणि २६ ला. कपॅसिटर मॉड्यूलच्या अगदी जवळ, ३.३ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मध्ये. त्याचा उणे पाय ग्राउंडकडे, उलटा लावू नका.

सावध: बोर्डवर ५ व्होल्टचाही पाय असतो. मॉड्यूल ३.५ व्होल्टपर्यंतच चालतं. एकदा चुकीच्या पायाला लागलं तर नवीन आणावं लागेल.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक. ईएसपी३२ मध्ये व्होल्टेज मोजणारे दोन विभाग आहेत, आणि वायफाय चालू असताना दुसरा विभाग मोजमापासाठी वापरता येत नाही. नुसत्या यूएसबीवर चाचणी घेतली तेव्हा सगळं ठीक होतं, वायफाय सुरू केलं आणि आकडे थिजले, असं कुणी सांगितलं की मी आधी पायाचा नंबर विचारतो. आउटपुटसाठी ३२ ते ३९ यांपैकीच पाय घ्या. २५ आणि २६ फक्त हो-नाही वाचण्यासाठी आहेत, त्याला वायफायची आडकाठी नाही.

केबलच्या टोकांच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. दोन वेगवेगळ्या पाकिटांतल्या केबलींचे रंग वेगळे निघतात. मल्टिमीटर बीपवर ठेवून पिनचा कुठला भाग कुठल्या टोकाला जातो ते बघा आणि टोकांवर कागदी चिठ्ठ्या लावा: "पान १", "पान २", "माती". संदर्भाचं टोक, म्हणजे ज्याच्या तुलनेत मोजायचं ते, मातीत. ते पानाला गेलं तर रात्रभर काहीतरी रेकॉर्ड होतं आणि सकाळी ते कशाचं आहे हे सांगता येत नाही.

वीज पॉवर बँकेचीच द्यायची. मोबाइलचा चार्जर लावला की ५० हर्ट्झ थेट आत येतात. बिनतारी यंत्राचा खरा फायदा हाच की झाड आणि भिंतीतला सॉकेट यांच्यात एकही तार राहत नाही. लॅपटॉप खुशाल चार्जिंगला असू दे, तो हवेतूनच बोलतो आहे. पॉवर बँक मात्र चालू रेकॉर्डिंगमध्ये चार्ज करत ठेवली तर सगळी मेहनत पाण्यात.

टप्पा ३ : वायफाय आणि फाइल

साधा ईएसपी३२ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो. राउटरवर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असेल आणि यंत्र जोडलं जात नसेल, तर २.४ ला वेगळं नाव द्या. पाहुण्यांसाठीचं नेटवर्क वापरू नका. त्यावरची उपकरणं बऱ्याचदा एकमेकांना दिसत नाहीत, मग यंत्र "जोडलं" म्हणतं आणि लॅपटॉपवर शून्य बाइट येतात. लॅपटॉपचा आयपी पत्ता राउटरमध्ये कायम करून टाका, नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलतो. विंडोजची फायरवॉल पहिल्यांदा परवानगी विचारते. घाईत "नको" दाबलं असेल तर पुढे कारण शोधत बसाल.

प्रोग्राममध्ये चार गोष्टी पाहिजेतच.

सेकंदाला २०० नमुने, म्हणजे व्होल्टेजची २०० मोजमापं, आणि तीही हार्डवेअर टायमरवर. थांबा-मोजा-थांबा असा साधा फेरा लिहिला की वायफायच्या कामात वेळ मागेपुढे होते आणि आवाज थरथरतो.

तीन सेकंदांचे ६०० नमुने एका यूडीपी पाकिटात (नेटवर्कवरून पाठवायचा, पोचल्याची पावती नसलेला गठ्ठा). नमुन्यांचे १२०० बाइट आणि पाकिटाच्या अनुक्रमांकाचे चार. अनुक्रमांक गाळू नका. हवेत एखादं पाकीट हरवतंच. नंबर असेल तर त्या जागी शेवटची किंमत भरून वेळ सांभाळता येते. नसेल तर पुढचं सगळं तीन सेकंद अलीकडे सरकतं आणि "मी पान तोडलं तेव्हाच झटका आला" या म्हणण्याला अर्थ उरत नाही.

वायफायची झोप बंद करणारी ओळ. यंत्र वीज वाचवायला डुलक्या काढतं आणि राउटरच्या हाकेला जागं होतं. ही हाक साधारण १०२ मिलिसेकंदांनी येते. प्रत्येक जागं होण्याबरोबर वीजपुरवठा किंचित हलतो, आणि ४० पट वेगात त्याची ३९० हर्ट्झच्या आसपासची घरघर होते. भुंग्यासारखी. मी स्वतः दोन संध्याकाळी ती झाडाची समजून ऐकली आहे. झोप बंद केल्याचा आणखी एक फायदा: यंत्र सतत पुरेशी वीज ओढत राहतं. एरवी काही पॉवर बँका "काही जोडलेलं नाही" असं समजून मध्यरात्री बंद पडतात.

लॅपटॉपवर आलेल्या प्रत्येक नमुन्यातून २०४८ वजा, मग १६ ने गुणाकार. यंत्राचे आकडे ० ते ४०९५ असतात, फाइलला १६ बिटांचे लागतात. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत वेव्ह फाइल लिहिण्याची सोय आधीपासूनच आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. फाइलवर नमुन्यांचा दर खरा म्हणजे २०० लिहा. ऐकण्यासाठी वेगळी प्रत करून तिच्यावर ८००० लिहा. मूळ फाइलला हात लावायचा नाही.

तपासणी: हरवलेल्या पाकिटांच्या जागा भरण्याआधी एका तासाची फाइल साधारण १.४४ एमबी भरली पाहिजे. १ एमबीच्या आसपास असेल तर पाकिटं गळत आहेत. बाल्कनीची ॲल्युमिनियमची सरकती काच आणि मधला काँक्रीटचा खांब ही नेहमीची कारणं. यंत्र दोन फूट सरकवून बघा, नवा राउटर घ्यायला धावू नका.

टप्पा ४ : झाडाशिवाय तीन रेकॉर्डिंग

बहुतेक जण हाच टप्पा गाळतात.

पहिलं: केबलची तिन्ही टोकं एकमेकांना जोडा आणि दहा मिनिटं रेकॉर्ड करा. आकडा २००० च्या आसपास स्थिर हवा, रेघ जवळजवळ सपाट. इथेच टिकटिक दिसली तर ती यंत्राची आहे. तीन सेकंदांनी येणारी टिकटिक पाकीट पाठवतानाची असते, वेगात ती सेकंदाला तेरा टरटरींसारखी ऐकू येते. कपॅसिटर बघा. तरीही गेली नाही तर मॉड्यूलला दोन पेन्सिल सेलची वेगळी वीज द्या, ग्राउंड मात्र एकत्रच ठेवा. दोन सेल म्हणजे ३ व्होल्ट, मॉड्यूलला चालतात.

दुसरं: भांडी घासायचा नवा स्पंज मिठाच्या पाण्यात भिजवून पिळा, त्यावर दोन स्टिकर लावा, तिसरं टोक सळईने आत खुपसा. हा तुमचा "मेलेला" नमुना. जिथे झाड ठेवणार आहात तिथेच, त्याच वेळी, एक तास. फाइल जपून ठेवा. झाडाच्या फाइलमध्ये जे ऐकू येईल ते आधी या फाइलमध्ये शोधायचं.

तिसरं: तोच स्पंज, पण आता घरात नेहमीसारखं वागा. पंखा चालू-बंद करा, फ्रिजचं दार उघडा, ट्यूब लावा, केबलजवळून चालत जा. प्रत्येक गोष्टीची वेळ लिहा. कशाने कुठला आवाज येतो याचा तुमच्या घरापुरता शब्दकोश तयार होतो. आमच्याकडे ड्राय बाल्कनीतलं वॉशिंग मशीन हा त्यातला सगळ्यात मोठा शब्द आहे.

सावध: ५० हर्ट्झ पूर्ण जाणार नाहीत, कमी होतील. तिन्ही तारा एकमेकींना पिळून ठेवा आणि जरुरीपेक्षा लांब ठेवू नका. बोर्डवरच्या अँटेनाची बाजू तारांपासून लांब वळवा. एसीचं बाहेरचं युनिट, इन्व्हर्टर, माशांच्या टाकीचा पंप यांच्यापासून कुंडी दूर. उरलेले ५० हर्ट्झ लॅपटॉपवर काढता येतात: सलग चार नमुन्यांची सरासरी घेत पुढे सरका. चार नमुने म्हणजे २० मिलिसेकंद, विजेची बरोबर एक फेरी. हे ऐकायच्या प्रतीवरच करा.

टप्पा ५ : झाड

झाड निवडताना पानाकडे बघा. मनीप्लांट आणि जास्वंद सुरुवातीला बरी. अळू घेऊ नका. मोठं पान बघून मोह होतो, पण अळवावरचं पाणी ही म्हण उगाच पडलेली नाही. ज्या पानावर थेंब टिकत नाही तिथे जेल काय टिकणार! रबर प्लांटच्या पानावर मेणाचा थर असतो, तिथेही पकड कच्ची. नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या झाडाच्या पानांवर कधीकधी चकाकीचा फवारा असतो, तो ओल्या कापसाने दोनदा पुसा. स्पिरिट वापरू नका, पान काळं पडतं.

झाड आदल्या रात्री पाणी घालून ठेवा. रेकॉर्डिंगच्या तोंडावर पाणी घातलं की रेघ बराच वेळ सरकत राहते.

क्रम असा:

१. मातीची सळई आधी, मुळं चुकवून, कडेने.

२. स्टिकरची कड कात्रीने कमी करा, म्हणजे पानाचा मोठा भाग मोकळा राहील. मधला जेलचा भाग कापू नका.

३. पूर्ण वाढलेली दोन पानं निवडा. कोवळं पान स्टिकर काढताना फाटतं.

४. पान तळहातावर टेकवून स्टिकर लावा आणि दहा-पंधरा सेकंद हलकेच दाबून धरा.

५. तार कुंडीत रोवलेल्या काडीला दोऱ्याने बांधा, म्हणजे तिचं वजन पानावर येणार नाही. मगच टोक जोडा.

पाचवी पायरी चुकली की दुपारी खाडीकडून वारा सुटतो, पान हलतं, स्टिकर ताणला जातो आणि रेकॉर्डिंगमध्ये धडामधुडूम. हे "झाड वाऱ्याला प्रतिसाद देतंय" म्हणून दोन-तीन जणांनी मला कौतुकाने ऐकवलं आहे.

जोडल्यावर अर्धा-पाऊण तास रेघ वरखाली आपटते. शांत होऊ द्या. तासानंतरही आकडा ० किंवा ४०९५ वरच चिकटलेला असेल, किंवा एलओचा पाय सतत "सुटलं" सांगत असेल, तर स्टिकरची पकड नाही. नवा स्टिकर, वेगळं पान.

पावसाळ्यात उलटी अडचण. बाल्कनीतल्या दमट हवेत एकाच पानावरच्या दोन स्टिकरमध्ये ओलाव्याचा पूल तयार होतो आणि सिग्नल मधल्यामधे जिरतो. तेव्हा दोन्ही स्टिकर एकाच पानावर नकोत, आणि कुंडी आत घ्या. एसीच्या खोलीत मात्र जेल लवकर सुकतं.

लाजाळूची पानं स्टिकरसाठी फारच बारीक. सराफाकडून चांदीची केसासारखी तार आणा, टोकाचा भाग घरगुती ब्लीचमध्ये अर्धा तास, करडा होईपर्यंत, बुडवा (खिडकी उघडी ठेवून), धुवा, आणि देठाभोवती एक सैल वेढा देऊन त्यावर जेलचा थेंब ठेवा. दुसरी तार खोडाला. एवढा खटाटोप एकाच कारणासाठी करावा: लाजाळूचं पान मिटताना डोळ्यांना दिसतं, म्हणून तुमचं यंत्र खरंच झाड ऐकतंय की नाही याचा ताळा घेता येतो.

टप्पा ६ : प्रयोग करताना

आधी एक तास काहीही न करता. मग एकच गोष्ट, एकदाच, आणि पुढची किमान वीस मिनिटांनी.

हाताने पान चोळू नका. तुमचं शरीर ५० हर्ट्झची अँटेना आहे, जवळ गेलात तरी रेघ जाड होते. लाकडी काडीने, हात लांब ठेवून स्पर्श करा. स्पंजच्या वेळीही तीच काडी तशीच लावून बघा.

उजेडाचा प्रयोग करायचा तर ट्यूबचं बटण दाबू नका. बटणाचीच टिक रेकॉर्ड होते आणि वाटतं की झाडाने उजेड ओळखला. उजेड चालूच ठेवा आणि झाडावर पुठ्ठ्याचं खोकं सावकाश ठेवा, सावकाश काढा. खोकं पानाला लागू देऊ नका.

पान कापण्याचा प्रयोग शेवटी, कारण त्यानंतर ते झाड त्या दिवसापुरतं बाद. तुळशीवर करू नका. आमच्याकडे आईने स्टिकरसुद्धा लावू दिले नाहीत, आणि संध्याकाळी तर तुळशीजवळ कात्री घेऊन जायची सोय नाही.

वेळ लॅपटॉपच्या घड्याळावरची लिहा, मनगटावरच्या नको. दोघांत अर्धा मिनिट फरक असला तरी ताळा बसत नाही.

टप्पा ७ : ऐकणं आणि पाठवणं

ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फाइल उघडलीत तर ट्रॅकच्या मेनूत जाऊन दर ८००० करा. टेम्पो बदलणारा इफेक्ट लावू नका. तो वेग वाढवतो पण सूर खालीच ठेवतो, मग काहीच ऐकू येत नाही आणि यंत्र बिघडल्यासारखं वाटतं.

आवाज लहान आहे म्हणून लगेच कमाल पातळीवर ताणू नका. सपाट रेघही ताणली की खळाळायला लागते. स्पंजची फाइल आणि झाडाची फाइल शेजारी ठेवा, दोन्ही सारख्याच पटीने वाढवा, मग ऐका. ऐकताना ओळखीचे पाहुणे असे: २००० ची शिट्टी म्हणजे वीज, ३९० ची घरघर म्हणजे वायफायची झोप, सेकंदाला तेरा टरटरी म्हणजे पाकिटं, मधूनच येणारा ठोका म्हणजे बहुधा हललेली तार. हे चारही वगळून, लिहिलेल्या वेळेला, आणि तीनदा केल्यावर तीनही वेळा जे उरतं तेवढंच झाडाच्या नावावर लावा. बऱ्याच दिवशी काहीच उरत नाही. ती फाइलही ठेवा.

व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ऑडिओ म्हणून पाठवली किंवा एमपी३ केली की बारीक भाग गळतो. फाइलच्या नावात झाड, तारीख, सुरुवातीची वेळ आणि वेग हवा: "मनीप्लांट, १२ जुलै, २१.४०, ४० पट". नुसतं "झाड नवीन फायनल २" असं नाव असलेली फाइल मी उघडत नाही.

स्टिकर काढताना आधी वीज बंद, मग टोकं सोडवा, स्टिकरवर पाणी शिंपडून पाच मिनिटं थांबा आणि कडेकडून सोलत आणा. एका पानावर दिवसाहून जास्त ठेवू नका, जेलमधल्या मिठाने तिथे तपकिरी डाग पडतो. डाग पडलेलं पान पुढच्या वेळी वगळा आणि वहीत लिहून ठेवा की ते कुठलं होतं, कारण आठवड्याने सगळी पानं सारखीच दिसतात.